बाणांची ओळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी दुकानात टॅब उघडला तर कीबोर्ड वेगळाच. अपडेट आपोआप आलं असणार. खालची बाणांची ओळ गेली. डावा, उजवा, वर, खाली, चारही. त्या जागेत अक्षरं मोठी झाली आहेत. आधी वाटलं माझ्याच हातून काही दाबलं गेलं. सेटिंग तीनदा पाहिलं. माझी चूक नाही. पण बाणही नाहीत.

शेठ खूश. "बघ, अक्षर केवढं मोठं आलं! आता तर गिऱ्हाईकसुद्धा टाइप करेल."

हे शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यात.

मशीनवर बसून मला महिना झाला, दसऱ्यापासून. त्याआधी दोन वर्षं पोटमाळ्यावर, टोप-पराती चढवायला उतरवायला. आता गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, मी टॅबवर नाव टाइप करतो, लेझर ते भांड्यावर खोदतं. महिन्यात एक चूक नाही. एकही नाही. कारण पद्धत. टाइप झालं की कर्सर पहिल्या अक्षराच्या आधी न्यायचा आणि उजवा बाण एकेकदा दाबत शेवटपर्यंत जायचं. एक दाब, एक अक्षर. वर्गात हजेरी घेतात तसं.

आता हजेरी कशी घ्यायची?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बावीस भांडी. एरवी चाळीस होतात.

मधलं अक्षर सुधारायचं तर तिथे बोट टेकवावं लागतं. बोट टेकवलं की तेच अक्षर बोटाखाली झाकलं जातं. उचलून पाहावं तर कर्सर एक घर पुढे, नाहीतर मागे. आणि भांड्यांचं दुकान, प्रत्येक नव्या भांड्याला तेलाचा हात असतो, तो बोटांना लागतो, काचेवर बोट घसरतं. शेवटी मी मागून पुसत पुसत चुकीपर्यंत येतो आणि पुढचं सगळं पुन्हा टाइप करतो. म्हणजे जे आधी बरोबर होतं ते पुन्हा तपासावं लागतं.

शेठ: "अरे प्रवीण, टाइप करतोस की पूजा करतोस?"

रमाकांत काका शेजारीच बसतात. तीस वर्षं त्यांनी हातातल्या खोदायच्या पेनने भांड्यांवर नावं घातली, सरळ स्टीलवर, आधी न लिहिता. हात कापायला लागला म्हणून शेठनी लेझर आणलं. आता काका पॉलिश आणि पॅकिंग बघतात. मला वाटलं होतं माझ्यावर राग धरतील. धरला नाही. फक्त बोलतात.

"रे प्रवीणा, परत सगळा पुसलंस? ती काय पाटी आसा?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

झाली.

लिहायचं नव्हतं. पण लिहितो, नीट, जसं झालं तसं.

भीमराव कांबळे आणि त्यांची बायको सुमनताई. आमच्याच विहारातली माणसं, दर पौर्णिमेला दिसतात. विहाराला बारा मोठे टोप द्यायचे होते, त्यांच्या वडिलांच्या नावाने. सहा डिसेंबरला लोकांना जेवण वाढतात, त्याआधी हवेत. मजकूर तीन ओळींचा.

सखाराम कांबळे यांच्या स्मरणार्थ
भीमराव व सुमन कांबळे यांजकडून
विहारास धम्मदान

टाइप केलं, तपासलं. मग सुमनताई म्हणाल्या, "अरे, सासऱ्यांच्या नावाआधी कालकथित घाल ना. राहिलं बघ." बरोबर होतं, राहिलं होतं. आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी ते लागतंच. मी 'सखाराम'च्या आधी बोट टेकवलं. शब्द टाइप केला. शब्द तपासला, क, ल, थ, सगळं बरोबर. मागे पाच गिऱ्हाइकं, शेठ "चल, चल" करत होते. बटण दाबलं.

कर्सर एक ओळ खाली गेला होता. शब्द तपासला, जागा तपासली नाही.

सगळ्यात मोठ्या टोपावर आलं: कालकथित भीमराव व सुमन कांबळे यांजकडून.

सुमनताईंचा आवाज रस्त्यावर गेला असेल. भीमराव मात्र टोप दोन्ही हातांत धरून मोठ्याने वाचू लागले. मग म्हणाले, "एवढ्यात कशाला रे? सहा तारखेला भात वाढायचाय मला." लोक हसले. मी हसलो नाही. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

काकांनी टोप पॉलिशच्या चाकावर धरला. अक्षरं गेली, पण उजेडात तिरकं धरलं की सावली दिसते. तो टोप आता दुकानातच राहणार, विहाराला नवा.

काका म्हणाले, "माझ्या हातान किती जणांचे बापूस बदलले ता शेठाक इचार." मला हसवायला म्हणाले. खरं की खोटं, माहीत नाही.

शेठनी संध्याकाळी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर एवढं वाटलं नसतं. "एक तारखेपासून टॅब काउंटरवर ठेवतो, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. ज्याचं नाव त्याने टाइप करायचं, चुकलं तर त्याचं. तू वर जा, सीझन आहे, माल खूप आहे."

मी म्हटलं, बाण परत आले तर?

"बाण आले, तर खुर्ची तुझी. पण कंपनी तुझं ऐकणार आहे का रे?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मशीनच्या मागे कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. दुपारी लावला. एक मुलगा बोलला, "स्पेसचं बटण दाबून धरा सर, आणि बोट सरकवा. कर्सर सरकतो." सर म्हणाला. करून पाहिलं. खरंच सरकतो! पण तेलकट बोटाने दोन अक्षरं म्हणता पाच सरकतो, आणि ओळीच्या टोकाला पोचला की खालच्या ओळीत उडी मारतो. माझी चूकही अशीच झाली होती, कर्सर एक ओळ खाली गेल्याने.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मेल करा.

मेल म्हणजे अर्जच. चार वेळा लिहिला. 'महोदय' की 'महोदया'? कोण वाचणार माहीत नाही. दोन्ही लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'कृपया' सहा वेळा आला होता, पाच काढले. शिक्षण लिहायची गरज नव्हती, नाही लिहिलं. नववीनंतर शाळा सुटली, पण शुद्धलेखनात कधी मार्क गेले नाहीत, हे लिहावंसं वाटलं. तेही नाही लिहिलं.

कालकथितची गोष्ट मात्र पूर्ण लिहिली. नावं बदलून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उत्तर आलं!!

'नमस्कार प्रवीण, तुमचं पत्र आमच्या टीममध्ये सगळ्यांनी वाचलं. सोमवारी साकीनाक्याला येऊ शकाल का? कीबोर्ड मीच बनवला आहे. मेघना.'

म्हणजे 'महोदया' बरोबर होतं.

आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग शेजारच्या मावशींना बोलावून तिसऱ्यांदा. "माझ्या मुलाला कंपनीत बोलावलंय." मी म्हटलं, आई, नोकरीला नाही गं, तक्रारीला. म्हणाली, "तक्रारीला कोण बोलावतं? हाकलून देतात. तुला बोलावलंय."

रविवार, १६ नोव्हेंबर

शेठनी उद्याची अर्धी सुट्टी दिली. काका: "उद्या जातलंस मां? बोलताना तिच्याकडे बघ. टॅबाकडे बघून बोलू नको, तो काय उत्तर देतलो?"

सोबत न्यायचं: महिन्याभरातल्या जुन्या चिठ्ठ्या, दहा. हात पुसायचा दुकानातला फडका, तेलासकट. ही वही नाही.

(तरी पिशवीत टाकली.)

सोमवार, १७ नोव्हेंबर

घाटकोपरहून मेट्रोने साकीनाका. गाळ्यांची इमारत, खाली लेथ मशीन, वर ही कंपनी. कंपनीत एका बाजूला लेझर जोडतात, दुसऱ्या बाजूला काचेच्या खोलीत चार जण कॉम्प्युटरवर.

मेघना मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. चहा आला. मी प्यायलो नाही, सांडला असता.

त्यांनी आधी त्यांची बाजू सांगितली, आणि ती चुकीची नव्हती. बाण जुन्या कॉम्प्युटरच्या जमान्यातले, असं त्यांच्या सरांचं म्हणणं. काचेवर जिथे हवं तिथे बोट टेकवता येतं, मग एकेक पायरी चढायची कशाला? बाणांची ओळ काढली की प्रत्येक अक्षराला जास्त जागा मिळते. आणि बहुतेक दुकानदार त्या ओळीला हातही लावत नाहीत.

"सगळे तुझ्यासारखे नसतात, प्रवीण."

ही तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

मग मी चिठ्ठ्या काढल्या. म्हटलं, एक दुरुस्ती तुम्ही करा, एक मी. त्यांच्याकडे बाण असलेलं जुनं व्हर्जन होतं, ते मी घेतलं. पहिली चिठ्ठी, त्या जिंकल्या. दुसरी, त्याच. फार भराभर चालतो त्यांचा हात. खोलीतले बाकीचे उठून बघायला आले. माझे कान गरम झाले. मग मी फडका पुढे केला. म्हटलं मॅडम, एकदा हात पुसा याला. आमच्याकडे असेच हात असतात.

हसल्या, पण पुसला.

तिसरीला बोट घसरलं. चौथीला त्यांनी 'झालं' म्हटलं. मी म्हटलं, थांबा, हजेरी घेतो. त्यांचा मजकूर बाणवाल्या टॅबवर घेतला. उजवा बाण, एकेक. दुसऱ्या ओळीत जाऊबाईंचं नाव सासूबाईंच्या आधी पडलं होतं. मॅडम म्हणाल्या, त्याने काय होतं? मी म्हटलं, हे भांडं गेलं तर लग्नघरात दोन महिने बोलणं बंद होतं.

सगळे हसले. या वेळी मीही.

मग त्यांनी विचारलं, "हे हजेरीचं काय म्हणालास? परत दाखव." मी दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. खरंच, पेनने. म्हणाल्या, आम्हाला वाटायचं बाण म्हणजे कर्सर हलवायला. वाचायला वापरतं कुणी, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

शिक्षण विचारलं. नववी म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं.

दुकानातल्या आमच्या टॅबवर तिथूनच बाणवालं व्हर्जन टाकून दिलं, पंधरा दिवसांसाठी. म्हणाल्या, रोज काय होतं ते लिही आणि पाठव. चांगलं-वाईट दोन्ही.

परतीच्या मेट्रोत उभा होतो. जागा रिकामी होती, तरी बसलो नाही. बसवेना.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एकेचाळीस भांडी. चूक नाही.

काकांना हजेरी शिकवली. त्यांचा हात कापतो, तरी बाणावर बोट ठेवून दाबता येतं. घसरायला जागाच नाही. त्यांनी स्वतःच्या नातीचं नाव टाइप केलं, डब्यावर घातलं. बराच वेळ डबा हातात होता. "हा बरा आसा," एवढंच म्हणाले. काकांकडून एवढं म्हणजे खूप.

मॅडमना लिहिलं: हात कापणाऱ्यालाही चालतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज एक आजोबा आले, मुलुंडहून. सोबत नात. तिच्या लग्नासाठी पितळी डबा घेतला. त्यावर गेलेल्या आजीचं नाव हवं होतं. चिठ्ठी नव्हती. म्हणाले, "मी स्वतः लिहितो. तिचं नाव मीच लिहिणार."

टॅब त्यांच्यापुढे धरला. बाणांची ओळ आहे म्हणून अक्षरं लहान. 'इंदुमती' लिहायचं होतं. तीनदा शेजारचं बटण दाबलं गेलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. नात म्हणाली, "आबा, द्या ना त्याला." ते म्हणाले, "राहू दे. तूच लिही, बाळ."

मी लिहिलं. सुंदर आलं. त्यांनी आभार मानले. पण ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या मोठ्या अक्षरांवर त्यांना जमलं असतं. मला माहीत आहे, जमलं असतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

हे मॅडमना कळवायचं का? कुणी पाहिलं नाही. शेठ गोदामात होते. कळवलं तर बाण गेले समजा, आणि मी वर.

सकाळी लिहिलं, खोडलं. दुपारी परत लिहिलं. आई म्हणाली, एवढं काय खोडतोयस. तिला सांगितलं. थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "तुला चांगलं-वाईट दोन्ही लिहायला सांगितलंय ना? मग."

पाठवलं. पूर्ण. आजोबांनी चष्मा पुसला तेसुद्धा.

पाठवल्यावर भीती वाटायला हवी होती. पण आठवड्याभरात पहिल्यांदाच नीट जेवलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सुचलं. मशीन चालू असताना सुचलं, म्हणून कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं.

टाइप करताना बाण लागतातच कुठे? ते लागतात नंतर, सुधारताना आणि वाचताना. आणि तेव्हा वरची आकड्यांची ओळ बहुतेक वेळा रिकामीच असते. मग असं केलं तर: लिहिताना मोठी अक्षरं, बाण नाहीत. लिहिलेल्या मजकुराला बोट लावलं की आकडे बाजूला आणि त्या जागी बाण. परत टाइप करायला लागलं की बाण आपोआप गेले.

आजोबांना मोठी अक्षरं, मला हजेरी.

चित्र काढून मॅडमना पाठवलं. पट्टीने रेषा मारून.

दहा मिनिटांत फोन. "हे कुठे पाहिलंस?"

कुठेच नाही मॅडम. एका आजोबांमुळे सुचलं.

पलीकडे कुणालातरी 'हे बघ' म्हणाल्या. मग: "कुणीतरी आधी केलंही असेल, शोधावं लागेल. पण तू कुठे न बघता काढलंस." मग म्हणाल्या, सरांना पटवणं सोपं नाही, त्यांना टॅबवर बाणच नको आहेत, तेवढ्यापुरते दिसणारेही नको. गुरुवारी चार तारखेला बैठक आहे, त्यात पक्कं ठरेल. तू येशील? तूच सांग.

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं काय म्हटलं ते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भीमराव आले. आधीच्या चुकीनंतर बाराही टोपांचं काम थांबलं होतं. शेठ म्हणाले, "मी स्वतः बसतो साहेब, काळजी नको." भीमराव म्हणाले, "नको. त्यालाच बसवा. एकदा चुकलाय, आता नाही चुकणार."

सुमनताई माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. तीन ओळी टाइप केल्या. 'कालकथित' पहिल्या ओळीत. मग उजवा बाण, एकेक अक्षर, मोठ्याने वाचत. त्याही माझ्याबरोबर पुटपुटायला लागल्या. शेवटच्या अक्षराशी दोघं एकदमच थांबलो.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

बारा टोप, बाराही बरोबर. बाराव्याला त्यांनी हाताची घडी सोडली आणि विचारलं, जेवलास का?

सोमवार, १ डिसेंबर

आज एक तारीख. टॅब काउंटरवर गेला नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "गुरुवारी जा. जे ठरेल ते येऊन सांग, मग बघू." आणि थोडं थांबून, "इस्त्रीचा शर्ट घाल. आपल्या दुकानाचं नाव आहे."

आपल्या म्हणाले.

बुधवार, ३ डिसेंबर

काय बोलायचं ते लिहिलं. दोन पानं. मग एक पान. काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "चांगला लिवलंस. पण कागद घरी ठेव. तुका पाठ आसा." मला पाठ नाही. पण त्यांना वाटतं आहे.

सर काय विचारतील, त्याची यादी केली. अकरा प्रश्न. नऊ प्रश्नांची उत्तरं आहेत. दहावा: बाण ठेवायचे तर ते कायम दिसावेत की बोट लावल्यावर? बोट लावल्यावर येतात हे नव्या माणसाला कोण सांगणार? बोरिवलीच्या एखाद्या दुकानात माझ्यासारखाच कुणी बसला असेल आणि त्याला ते सापडलेच नाहीत, तर?

अकरावा माझ्या शिक्षणाचा. तो लिहीत नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी १०.२०

साकीनाका. बैठक अकराला. चाळीस मिनिटं लवकर आलो.

वर काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो आहे. गेटवर रजिस्टर होतं. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, हुद्दा. माझ्या आधीच्या रकान्यांत इंजिनिअर, मॅनेजर, सेल्स. वॉचमन म्हणाला, लिहा ना साहेब, लाइन लागली. मी 'हुद्दा'पाशी थांबलो. मदतनीस लिहिणार होतो, पगाराच्या कागदावर तेच आहे. मग लिहिलं: भांड्यांवर नाव घालणारा. रकान्यात मावलं नाही, थोडं बाहेर गेलं. तसंच ठेवलं.

आत काचेतून दिसतं आहे. मेघना मॅडमनी माझं चित्र मोठं करून पडद्यावर लावलं आहे, पट्टीच्या रेषांसकट. खाली कोपऱ्यात माझं नाव, पूर्ण. ते त्यांनी घातलं. मी सांगितलं नव्हतं. सर हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत आहेत. मान नकारार्थी हलवली. मॅडम काहीतरी बोलल्या. परत बघत आहेत.

काकांचं न ऐकता कागद आणला. पण खिशातला कागद काढावासा वाटत नाही.

मॅडमनी दार उघडलं. "प्रवीण, ये. सरांचा पहिला प्रश्न तुलाच आहे."